केळीचं शेत गहाण ठेवून इंजिनिअरिंग, आणि मुलीचं 'नंतर बघू'?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. यावल तालुक्यात तुमची तीन एकर केळी आहे, मोठा मुलगा बारावी सायन्स ५४ टक्क्यांनी पास झालाय, मामा-काका सगळे म्हणताय की पुण्याला प्रायव्हेट कॉलेजात इंजिनिअरिंगला टाका, चार वर्षांचा खर्च धरून साडेसात लाख, कर्ज काढू नाहीतर शेत गहाण ठेवू. पोरगा मात्र सुट्टीभर गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात जाऊन बसतो. म्हणून तुम्ही विचारताय की कॉलेज सगळ्यांनी केलंच पाहिजे का. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीय, "मुलगी दहावीला आहे, तिचं नंतर बघू." त्या ओळीवर मी शेवटी येतो, पण येतो नक्की.

मी २७ वर्षं सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतोय, जळगाव जिल्ह्यातच. हजारभर पोरं हाताखालून गेली असतील. कोणी भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये आहे, कोणी चाकणला, कोणी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या नाहीतर चटईच्या कंपनीत, कोणी परत शेतात. त्यामुळे मी जे सांगतोय ते पोरांकडे बघून सांगतोय.

शिक्षण सगळ्यांनी घ्यावं, त्यात माझ्या मनात काहीच शंका नाही. पण कॉलेज अठराव्या वर्षीच, कर्ज काढून, आणि आपण तिथे कशाला चाललोय हे माहीत नसताना करायचं, हे मला पटत नाही. त्यातल्या त्यात शेत गहाण ठेवून तर अजिबात नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत एक गोष्ट डोळ्यांसमोर बदलली. आधी माझ्याकडे दहावी झालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं यायची. आता प्रत्येक बॅचला दोन-चार जण बी.ए., बी.कॉम. झालेले असतात, बावीस-चोवीस वर्षांचे, मिसरूड फुटलेल्या पोरांशेजारी बाकावर बसतात. मागच्या एका बॅचला असाच एक होता. आमच्याकडे सुरुवातीचे दिवस नुसती कानस चालवण्यात जातात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये बांधायचा आणि घासून सपाट करायचा, ऐकायला काहीच नाही वाटत पण करून बघा. कानस पुढे ढकलताना आधी डाव्या हातावर जोर, मधे दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी उजव्या हातावर, हा जोर बदलता आला नाही की तुकडा मधे फुगतो. मग ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की परत घासायचा. हा पोरगा पाचव्यांदा घेऊन आला, मी पाचव्यांदा परत पाठवला, मला वाटलं आता चिडेल. तर म्हणाला, "सर, डिग्रीच्या तीन वर्षांत माझं काम कोणी परत करून आण असं एकदाही म्हटलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याने तीन वर्षं काय केलं होतं तर जुलैत अ‍ॅडमिशन, मग अधूनमधून कॉलेज, परीक्षेआधी महिनाभर गाइड, आणि निकाल. पोराचा दोष किती, कॉलेजचा किती, ते मी मोजत बसणार नाही, पण वीस-एकवीस वर्षांचं वय, जेव्हा माणूस सगळ्यात जास्त शिकतो, ते असंच वाहून गेलं. एका पालक सभेला एका आईने अहिराणीत मला सांगितलं होतं, "मना पोऱ्या कालेजले जास सर, पन काय शिकस ते त्यालेबी माहीत नई." तिला कळत होतं, आपल्याला शिकलेल्या लोकांना कळत नाही.

म्हणून दादा, कॉलेज चांगलं की वाईट हे फीवरून किंवा बिल्डिंगवरून ठरवू नका. मी पालकांना एकच सांगतो, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत नाही, मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी न सांगता जा. वर्गात किती पोरं आहेत बघा. वर्कशॉपमध्ये लेथखाली ताजा चुरा पडलाय का, की मशीनवर धूळ बसलीय ते बघा. जर्नल उघडून बघा, त्यात लाल पेनाने कोणी काही लिहिलंय का की नुसत्या सह्या आहेत. जिथे पोराचं काम बघून कोणीतरी ते परत करायला लावतं तिथे घाला, मग ते इंजिनिअरिंग कॉलेज असो, पॉलिटेक्निक असो की आयटीआय. आणि हो, आयटीआय म्हटलं म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, नुसतं सर्टिफिकेट वाटणाऱ्या संस्था आमच्याकडेही आहेत, तिथेही असंच मंगळवारी जा.

आता तुमच्या पोराचं. रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो म्हणून लाज वाटून घेऊ नका, यावल-रावेर पट्ट्यात एप्रिल-मे मध्ये मोटार जळाली आणि केळीला चार दिवस पाणी नाही मिळालं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या कामाला मरण नाही. पण तो तिथे काय शिकतोय हे जरा बारकाईने बघा. आपल्याकडचा बहुतेक कारागीर काय करतो, जळालेली कॉइल काढतो, तिचे वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो आणि तसंच परत भरतो. हात चांगला असेल तर काम चांगलं होतं. पण आधी भरणाऱ्यानेच वेढे चुकीचे भरले असतील तर? किंवा तारच बारीक घातली असेल तर? तीच चूक परत भरली जाते, मोटार दोन महिन्यांत परत जळते, शेतकरी व्होल्टेजला शिव्या देतो. ही चूक ज्याला कागदावर हिशोब करता येतो त्यालाच पकडता येते, किती स्लॉट (तार बसायच्या खाचा), किती पोल (चुंबकाची टोकं), किती वेढे यायला पाहिजे. म्हणजे हाताच्या कामालासुद्धा वही लागते. तुमच्या पोराला त्या दुकानातच सोडून दिलं आणि पुढे काहीच शिकू दिलं नाही तर तो कायम दुसऱ्याची चूक कॉपी करणारा कारागीर राहील, आणि ते मला पुण्याच्या साडेसात लाखांइतकंच वाईट वाटतं.

मधला रस्ता आहे आणि तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. जळगावला सरकारी पॉलिटेक्निक आहे, धुळ्याला आहे, सरकारी फी प्रायव्हेट इंजिनिअरिंगच्या मानाने काहीच नाही. इलेक्ट्रिकलला टाका. डिप्लोमा झाल्यावर त्याला पुढे शिकावंसं वाटलं तर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तोपर्यंत तो वीस वर्षांचा झालेला असेल आणि आपण कशाला चाललोय ते त्याला कळत असेल. अभ्यासाचा फारच कंटाळा असेल तर आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप. भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस घेतात, त्यातून अनुभवही मिळतो आणि थोडाफार स्टायपेंडही. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे सहाय्यक इंजिन चालकाच्या भरतीला आयटीआय चालतो. आणि आयटीआयचा दरवाजा बंद नसतो, दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझे काही विद्यार्थी याच जिन्याने चढत आज इंजिनिअर आहेत. त्यांना वेळ जास्त लागला, पण प्रत्येक पायरीवर पोटापुरतं कमवता येईल असं काहीतरी हातात होतं.

आता त्या कर्जाचा हिशोब करू, कारण घरात कोणीच केला नसेल. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यामुळे शेत गहाण ठेवायची भाषा आधी बंद करा. पण तारण नाही म्हणजे ओझं नाही असं नसतं. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. साडेदहा टक्के धरा, चार वर्षांत थोडं थोडं करून उचललेले साडेसात लाख, नोकरी शोधायचं एक वर्ष जाईपर्यंत सव्वादहा लाखांच्या आसपास जातात. दहा वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला १४ हजाराच्या जवळपास हप्ता. आणि साध्या कॉलेजातून मेकॅनिकल, सिव्हिल करून निघालेली पोरं पुण्यात पहिल्या नोकरीला १५ ते २० हजारांवर लागलेली मी बघतोय, त्यात रूमचं भाडं, मेस. हप्ता कोण भरणार? तुम्हीच, केळीच्या पैशातून, आणि केळीचा भाव काय असतो ते तर व्यापारी ठरवतो. चांगल्या कॉलेजात, चांगल्या मार्कांवर, स्वतःच्या आवडीने जाणाऱ्या पोरासाठी हेच कर्ज मी डोळे झाकून काढा म्हणेन. तुमच्या पोरासाठी आज नाही.

मामा लोक इंजिनिअरिंग का म्हणताय तेही मला माहीत आहे, उघड कोणी बोलत नाही. लग्न. आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, बायोडाट्यात बी.ई. असलं आणि पुण्यात नोकरी असली की स्थळं येतात. ही काळजी खोटी नाही, मी तिला हसणार नाही, माझ्या भाच्यासाठी मीही हेच बघितलंय. पण सहा वर्षांनी बी.ई. होऊन घरी बसलेला पोरगा आणि आज स्वतःचं दुकान, सौर पंपाची कामं घेणारा डिप्लोमावाला, यात मुलीचे वडील आता डिप्लोमावाल्याकडे बघायला लागलेत. सगळीकडे नाही, पण लागलेत.

दुसरं म्हणजे "कुठलीही एक डिग्री असू दे, फॉर्म भरायला लागते." हे खरं आहे. तलाठीला डिग्री लागते, बँकेला लागते, एमपीएससीला लागते. पण २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. एवढ्या एका कारणासाठी तीन वर्षं सगळं सोडून बसायचं नसतं. फॉर्मपुरतीच डिग्री पाहिजे असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे, काम करता करता बी.ए., बी.कॉम. होते. माझे वेल्डर विद्यार्थी करतात.

एक आकडा हल्ली सगळीकडे फिरतो, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला, की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्केच. लगेच लोक म्हणतात बघा, शिकून काय फायदा. असं वाचू नका हो. ज्याच्या घरची चूल त्याच दिवसाच्या मजुरीवर पेटते तो बेरोजगार राहूच शकत नाही, तो केळीचे घड वाहतो, वीटभट्टीवर जातो, मिळेल त्या पैशात. पदवीधर बसतो कारण त्याला बापाच्या घरात बसणं परवडतं आणि त्याच्या शिक्षणाला साजेसं काम गावात नाही. म्हणजे न शिकलेला मजेत आहे असा त्याचा अर्थ होत नाही. काम नाही हा दोष कामं तयार न होण्याचा आहे, शिकण्याचा नाही.

तसंच आपल्याकडे दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. एक अझीम प्रेमजींचं, की विप्रो आपल्या अमळनेरची आणि मालक कॉलेज सोडून आले होते. ते १९६६ मध्ये वडील वारले म्हणून स्टॅनफर्ड सोडून आले, आले तेव्हा अमळनेरला तेलाची मिल उभी होती, आणि बऱ्याच वर्षांनी का होईना त्यांनी ती डिग्री पूर्ण केली. आपल्या पोराला मागे मिल नाहीये. दुसरं बहिणाबाईंचं, शाळेत गेल्या नाहीत तरी आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अगदी खरं. पण त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या कारण घरात सोपानदेवांसारखा लिहिता मुलगा होता, त्याने आणि नात्यातल्या माणसाने त्या कागदावर उतरवल्या. असोद्यासारख्या गावांत अजून किती बाया तसंच बोलून गेल्या असतील, ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण "कॉलेज सगळ्यांसाठी नाही" हे वाक्य मीच एकदा चुकीच्या माणसाला बोललो. अठरा-एकोणीस वर्षं झाली असतील. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी मुलगा माझ्याकडे फिटरला होता. मेन्सुरेशनची (क्षेत्रफळ-घनफळाची) गणितं फळ्यावर मी अर्धी लिहायचो तोवर त्याचं उत्तर तयार, आणि व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) तर बाकीचे डोळे बारीक करून रेघा जुळवत असायचे, हा एका नजरेत दोन शतांश मिलिमीटरपर्यंत वाचायचा. शेवटच्या महिन्यात त्याने विचारलं, "सर, डिप्लोमा करू का?" मी म्हणालो, घरी गरज आहे, कॅम्पसला नोकरी मिळतेय, घे, कॉलेजबिलेज सगळ्यांना जमत नाही. त्याने घेतली. आज तो चांगल्या कंपनीत आहे, घर बांधलंय, मला दिवाळीला फोन करतो. पण त्याच्यावर ज्या इंजिनिअरची सही चालते त्याच्यापेक्षा हा हुशार आहे हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. तेव्हा आदिवासी मुलांसाठी वसतिगृह होतं, स्कॉलरशिप होती, मी चौकशीसुद्धा केली नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला मात्र मी कधी असं म्हटलं नाही, तो कॉलेजलाच गेला. हे वाक्य कोण कोणाला म्हणतं ते तेव्हापासून मी बघायला लागलो. म्हणणाऱ्याची पोरं बहुतेक वेळा कॉलेजात असतात आणि ज्याला सांगितलं जातं तो घरातला पहिला शिकणारा असतो.

म्हणून तुमच्या पोरासाठी मी जे सांगितलं ते त्याचे मार्क, त्याची आवड आणि तुमचं शेत बघून सांगितलंय, ते शेजारच्या पोराला जसंच्या तसं लावू नका. शेजारच्याला गणित येत असेल, पुस्तकात जीव रमत असेल, तर त्याला कॉलेजलाच पाठवा, मग घर कितीही गरीब असो.

आता मुलगी. "तिचं नंतर बघू." दादा, या शब्दांचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. मुलाने कॉलेज सोडलं तर तो दुकानात, शेतात, कंपनीत जातो, कुठेतरी काहीतरी शिकत राहतो. मुलीचं कॉलेज सुटलं की ती घरात बसते, आणि घरात बसलेली मुलगी दिसली की दोन महिन्यांत स्थळं यायला लागतात. मी मुलांसाठी कॉलेजचा हट्ट धरत नाही, मुलींसाठी धरतो, अगदी साध्या बी.ए.साठीसुद्धा धरतो. कारण तिच्यासाठी ती तीन वर्षं म्हणजे नुसता अभ्यासक्रम नसतो, एसटीने एकटीने फैजपूरला नाहीतर भुसावळला जाणं असतं, बँकेत स्वतः खातं उघडणं असतं, आणि लग्नाचा विषय निघाला की "माझी परीक्षा आहे" म्हणता येणं असतं. माझ्या बहिणीला ते म्हणता आलं नव्हतं. अठरा पूर्ण झाली त्या वर्षीच लग्न झालं, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती.

आणि खर्चाचं कारण आता फारसं राहिलेलं नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेली तर. इंजिनिअरिंग, फार्मसी, अ‍ॅग्री, सगळं त्यात येतं. म्हणजे पोरासाठी जे साडेसात लाख तुम्ही शोधताय त्यातला फीचा भाग मुलीला लागणारच नाही. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पासही मोफत आहे. तिचे मार्क तुम्ही लिहिलेच नाहीत, नववीला किती होते? गणित कसं आहे तिचं?

ते मला कळवा, म्हणजे सायन्स घ्यायचं की दहावीवर सरळ डिप्लोमाला जायचं ते नीट सांगता येईल. आणि एक काम निकालाची वाट न बघता आत्ताच करा, दोघांचे उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला रांग लागते, सर्व्हर बंद पडतो आणि एका कागदावाचून मुलींची नावं यादीतून जातात. तिचे कागद पोराच्या आधी काढा.